हुकामागचे बिऱ्हाड

शेतकरी ट्रॅक्टर घ्यायला जातो तेव्हा बोलणी एका वाहनाची होतात आणि घरी दोन येतात. ट्रॅक्टरची कंपनी, हॉर्सपॉवर, डिझेलचा खर्च, बँकेचा हप्ता यांवर घरात महिनाभर खल चालतो. ट्रॉली मात्र तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात सांगून बनवून घेतली जाते आणि लांबी-रुंदी, पाटे, टायर एवढे ठरले की तिच्याविषयीचे बोलणे संपते. या अभ्यासाची सुरुवात त्या दुसऱ्या वाहनापासून करायची आहे. रोजच्या कामाचे वाहन निवडताना त्याच्या हुकामागे काय येणार आहे आणि मागे माणसांचे बिऱ्हाडच असेल तर निवडीचे निकष कसे बदलतात, हा आपला विषय. त्यात यंत्रशास्त्र आहे, कायदा आहे, बैलांच्या जातींचा इतिहास आहे आणि साखर कारखानदारीचे अर्थकारणही आहे. लातूर-नांदेडकडच्या विद्यार्थ्याला यातले निम्मे घरूनच ठाऊक असते. उरलेल्या निम्म्याकडे नेणारी वाट दाखवावी, म्हणून ही प्रस्तावना.

युरोप-अमेरिकेत हा विषय सहलीच्या अंगाने वाढला. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाचे घोड्यांनी ओढायचे घर बांधून घेतले आणि त्यातून तो ब्रिटनमध्ये लांबलांब हिंडला. हौसेसाठी बांधलेले पहिले कॅरॅव्हॅन असा त्याचा लौकिक आहे. पुढे घोड्यांच्या जागी मोटार आली, घर लहान आणि हलके झाले, आणि ‘माझी रोजची गाडी केवढा कॅम्पर ओढेल?’ हा तिकडच्या मध्यमवर्गाचा नेहमीचा प्रश्न झाला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात गाडीमागे जोडायच्या कॅम्पर ट्रेलरलाही जागा दिली. तरी औसा, निलंगा किंवा उदगीरच्या रस्त्यावर असा कॅम्पर नजरेस पडणे आजही दुर्मीळ आहे.

हुकाला घर जोडून निघालेली माणसे मात्र आपल्याला दर वर्षी दिसतात. दसरा-दिवाळी झाली की रेणापूर, अहमदपूर, जळकोट, इकडे कंधार, लोहा, मुखेड आणि पलीकडे सगळा बीड जिल्हा, या भागांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी जवळच्या कारखान्याच्या हद्दीत जाते, कुणी सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाने उचल दिलेली असते, ट्रॅक्टरमालकाचा कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार झालेला असतो, आणि जो ट्रॅक्टर पुढे पाच-सहा महिने ऊस वाहणार तोच पहिल्या फेरीला बिऱ्हाड वाहतो. ट्रॉलीत तळाला ज्वारी-बाजरीची पोती आणि पत्र्याची पेटी, त्यावर भांडी, गोधड्या, कोपीसाठी बांबू, चटया आणि ताडपत्री. एका कोपऱ्यात बांधलेली शेळी, खुराड्यात कोंबड्या. आणि या सगळ्याच्या वर माणसे: कोयत्याची जोडपी, म्हातारी आजी, शाळेतून काढून बरोबर घेतलेली पोरे. लातूरहून कोल्हापूरकडे जायचे तर अंतर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचे, आणि भरल्या ट्रॉलीचा वेग ताशी वीस-पंचवीस. वाटेत रात्र काढावीच लागते, आणि ती बहुधा ट्रॉलीच्या आडोशालाच काढली जाते.

युरोपातल्या कॅम्परची आणि या ट्रॉलीची बरोबरी करता येणार नाही. एक हौसेने निघालेला असतो, दुसरी पोटासाठी. पण हूक, आख, वजन, उतार आणि ब्रेक यांचे नियम दोघांना सारखेच लागू होतात. तिकडे शे-दीडशे वर्षांच्या हौशीतून जे ज्ञान साठले ते इथल्या ट्रॉलीच्या कामी यावे आणि आपल्या गाडीवानांनी पिढ्यान्पिढ्या जे ओळखले ते पुस्तकात यावे, अशी ही दुहेरी इच्छा आहे.

गाडीवानांचे ज्ञान म्हणताना मला देवणी आणि लाल कंधारी डोळ्यांपुढे येतात. एकीचे नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून, दुसरीचे नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून. दोन्ही देशातल्या नोंदलेल्या गोवंश-जाती आहेत, आणि दोन्ही याच मातीत घडल्या. देवणी दुधाला आणि कामाला दोन्हीकडे चालणारी. तिच्यात रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार मानतात. लाल कंधारी मध्यम बांध्याची, गडद तांबडी, ओढकामाला चिवट. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जाणते गिऱ्हाईक बैल घेताना दात पाहते, खूर पाहते, चालवून पाहते, चाके बांधलेल्या गाडीला जुंपून ओढ पाहते. शिवाय दोन गोष्टी ते हमखास विचारते. जोडीची चाल जुळते का, म्हणजे जू तिरपे होणार नाही. आणि उतारावर बैल गाडी अंगावर तोलून धरतो का, की ती मागून रेटू लागल्यावर बुजून पळतो. बैल ओढतो किती याच्याइतकाच तो आवरतो कसा याला भाव होता. देवणीचा गोऱ्हा घेणारा शेतकरी हे न चुकता विचारी; त्याच घरातला नातू ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये फक्त हॉर्सपॉवर विचारतो. मधल्या पन्नास-साठ वर्षांत प्रश्नातला अर्धा भाग गळून पडला, आणि तो परत आणणे हे या अभ्यासाचे मुख्य काम आहे असे मी मानतो.

आधी ओढण्याचा हिशेब पाहू. तो सोपा आहे आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीत करून पाहावा असा आहे. समजा, ट्रॅक्टर अडीच टनांचा आणि मागची ट्रॉली मालासकट १० टनांची. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायर फिरवत ठेवायला एकूण वजनाच्या साधारण २ टक्के जोर लागतो, म्हणजे २५० किलो. वीस फुटांत एक फूट चढणारा चढ आला की त्यात वजनाच्या ५ टक्क्यांची भर पडते, म्हणजे आणखी ६२५ किलो. एकूण ८७५. हा जोर देणारी मागची दोन चाके. त्यांच्यावर ट्रॅक्टरच्या वजनापैकी १६०० किलोच्या आसपास भार असतो. कोरड्या डांबरावर त्याच्या सहा दशांश पकड धरली तर ९६० किलो मिळतात. चढ कसाबसा निघतो. रस्ता ओला असेल आणि पकड चार दशांशावर आली तर मिळतात ६४० किलो, आणि चाके जागच्या जागी घुमू लागतात. (दोन चाकी ट्रॉली आपल्या वजनाचा काही भाग हुकावर टाकते, त्यामुळे पकड थोडी वाढते, हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून तो भाग इथे सोडला आहे.) या सगळ्यात इंजिनच्या ताकदीचा उल्लेख अजून आलेला नाही, हे लक्षात घ्यावे. ५० हॉर्सपॉवरपैकी ४० चाकांपर्यंत पोचली असे धरले तर हा चढ ताशी १२ किलोमीटरने चढता येतो. ६० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतला तर १५ ने. म्हणजे दहा हॉर्सपॉवरचे जादा पैसे मोजून चढावर तासाला तीन किलोमीटर मिळाले. चाक घुमणार की नाही हे ट्रॅक्टरचे वजन, टायरची रुंदी आणि नक्षी यांवर ठरते. म्हणूनच जुने चालक टायरमध्ये पाणी भरतात आणि चाकांना बिडाची वजने लावतात. त्यांचे बरोबर असते.

काळ्या रानात सगळे आकडे पालटतात. पाऊस होऊन गेलेल्या रानात ट्रॉलीची चाके रुतली की २ टक्क्यांच्या जागी १० टक्के, कधी त्याहून अधिक जोर लागतो. वरच्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीला मग सपाट रानातही सव्वा टन ओढ हवी, आणि चिखलात पकड तर निम्म्याने घटलेली. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडताना आपण पाहतो, त्याचे कारण हे. त्यात चालकाची हयगय नसते. रान आणि वजन यांचा मेळच बसलेला नसतो.

ओढण्याचा हिशेब चुकला तर गाडी अडते. थांबवण्याचा चुकला तर माणसे जातात. त्यामुळे यापुढचा भाग विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावा.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. बहुतेक ट्रॉल्यांना ते नसतातच. म्हणजे साडेबारा टनांचे ओझे थांबवण्याचे काम दोन टायर रस्त्याला घासून जेवढे करतील तेवढेच. १६०० किलो भाराच्या त्या दोन चाकांकडून कोरड्या रस्त्यावर फार तर १२०० किलो रोध मिळेल. एकटा ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटर वेगात असेल तर ब्रेक लागल्यापासून तो सात-साडेसात मीटरमध्ये थांबतो. मागे १० टनांची ट्रॉली असेल तर त्याच वेगाला सुमारे ३७ मीटर लागतात, आणि वीसात एक असा उतार असेल तर ७५ मीटरच्या पुढे. यात चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. त्या एका सेकंदात आणखी आठ मीटर जातात. वेग ताशी २० वर आणला तर सपाट रस्त्यावर हेच ३७ मीटर १६-१७ वर येतात, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते आणि वर्गानेच घटते. माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी आकडा हाच, आणि तो पाळायला एक पैसाही लागत नाही.

कागदावरचा हा हिशेब सौम्य आहे. प्रत्यक्षात पुढचा ट्रॅक्टर ब्रेकमुळे मंदावतो, मागची ट्रॉली त्याला रेटत राहते, आणि वाट जरा वळणाची असली की रेटा तिरपा येऊन ट्रॉली आडवी होते. चालक याला ‘कैची झाली’ म्हणतात. दोन ट्रॉल्या एकामागे एक असतील तर हा धोका अनेक पटींनी वाढतो. त्यात ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगवेगळ्या पेडलांवर असतात. नांगरताना एकच दाबून जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले जोडणारी पट्टी लावायची राहून गेली आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, की पलटी ठरलेली. मांजरसुंब्यासारख्या घाटात उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवयही तशीच जीवघेणी. इंजिन गिअरमध्ये असते तेव्हा तेही ब्रेकचे काम करत असते; न्यूट्रल केले की तो आधार सुटतो, तापलेले ब्रेक तेवढे उरतात.

उपाय अवघड नाहीत. ट्रॅक्टरवरून हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक ट्रॉलीला बसवता येतात. युरोपातल्या कॅम्परांना बहुधा रेट्यावर चालणारा ब्रेक असतो: पुढची गाडी मंदावली, मागून रेटा आला, की दांडीतला दट्ट्या मागे सरकतो आणि कॅम्परची चाके आपोआप आवळली जातात. ट्रॉलीच्या किमतीत या वस्तूने थोडी भर पडते. मात्र हप्त्याने घेतलेला ट्रॅक्टर, उचलीने बांधलेली टोळी आणि जीव, तिन्ही तिच्या भरवशावर असतात. ट्रॉली बनवायला टाकताना पाट्यांची जाडी ठरवण्याआधी ब्रेक ठरवावा.

आता हूक. दोन चाकी ट्रॉलीत माल आखाच्या जरा पुढे झुकता भरायचा, म्हणजे हुकावर थोडे वजन येते, ट्रॅक्टरची मागची चाके दाबली जातात आणि ट्रॉली सरळ चालते. माल मागे भरला तर गाडी उलाळ होते: हूक वर उचलला जातो, चाकांची पकड सुटते, ट्रॉलीचे शेपूट डुलू लागते. बैलगाडी भरणाऱ्याला हे मुळाक्षरांसारखे पाठ होते. गाडी उलाळ झाली की बैलाच्या गळ्याला जोते काचायचे आणि धुरेवर फार जड झाली की मान दबायची. परदेशी पुस्तकांत छोट्या कॅम्परसाठी हुकावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा असे सांगतात. युरोपीय गाड्यांना त्याहून कमी चालते. बिऱ्हाड भरताना याचा अर्थ असा की धान्याची पोती, पेटी, पाण्याचा ड्रम हे आखाच्या अंगाला, किंचित पुढे आणि तळाशी, बांबू-ताडपत्री वर. ओझे जितके उंच तितकी वळणावर पलटी लवकर.

हुकाची पिन हाताच्या अंगठ्याहून थोडी जाड असते आणि सगळा भार तिच्यावर असतो. ती काढून पाहिली तर मधोमध एका बाजूने झिजलेली दिसते, दांडीच्या डोळ्याचे भोकही लांबट झालेले असते. प्रत्येक गचक्याला लोखंड लोखंडावर आपटते, त्याची ही खूण. पिनेच्या खालच्या टोकाला खिट्टी हवी. बऱ्याचदा तिथे तारेचा तुकडा असतो, कधी तोही नसतो. पिन उडाली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून बाजूने साखळी हवी. ही सगळी तपासणी पाच मिनिटांची आहे. आणखी एक दक्षता: ट्रॉली अडकली म्हणून साखळी ट्रॅक्टरच्या वरच्या भागाला, मागच्या आखाच्या उंचीच्या वर, कधीही बांधू नये. तशी ओढ घेतली की ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो चालकाच्या अंगावर मागे उलटतो. सावरायला क्षणही मिळत नाही. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरून घ्यायची.

ट्रॉलीच्या जागी पाण्याचा टँकर असेल तर एक वेगळाच प्रश्न येतो, आणि लातूरकरांना तो समजावून सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागचा टँकर हे गल्लोगल्लीचे दृश्य होते. भरलेला टँकर त्यातल्या त्यात बरा. अर्धा रिकामा झालेला टँकर अधिक फसवा, कारण ब्रेक दाबताच आतले पाणी पुढे धावते, मग मागे, आणि हुकावरचे वजन क्षणाक्षणाला बदलते. टँकरच्या पोटात आडवे पडदे असतील तर ही लाट मोडते. ट्रॉलीत उभी किंवा कठड्यावर बसलेली माणसेही अशीच हलते ओझे असतात. वळणावर सगळी एका अंगाला झुकली की तोल त्यांच्यासोबत जातो.

हे वाचून ज्यांना चारचाकीमागे खरोखरचा छोटा कॅम्पर जोडायचा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्यावरचे ट्रेलर ब्रेकवाले लागतात. आपल्या रस्त्यांना हीच सीमा आरंभाला धरावी. दीड टनाच्या आसपासची बोलेरोसारखी गाडी ताशी ६० वरून कोरड्या रस्त्यावर २० मीटरमध्ये थांबत असेल, तर मागे ७५० किलोचा बिनब्रेकचा कॅम्पर लावल्यावर तिला ३० मीटर लागतील. हा फरक सांभाळता येण्याजोगा आहे. गाडी निवडताना उत्पादकाच्या पुस्तिकेत ओढायचे वजन दिले आहे का ते आधी पाहावे. दिलेले नसेल तर ती गाडी या कामाची नाही असे समजावे. मागची चाके चालवणारी आणि शासीवर बांधलेली गाडी या कामी सरस, कारण हुकाचे वजन नेमके चालत्या चाकांवर पडते आणि हूक पत्र्याऐवजी चौकटीला बसतो. क्लच, रेडिएटर आणि मागचे पाटे यांची अवस्था इंजिनच्या आकड्याहून महत्त्वाची.

रोजचे काम आणि हंगामाचे काम यांची ओढाताण हा या निवडीचा गाभा आहे. पाच-दहा एकरांच्या कोरडवाहू रानाला, सोयाबीन-तुरीच्या पेरणी-कोळपणीला ३५-४० हॉर्सपॉवरचा हलका ट्रॅक्टर पुरतो. जड ट्रॅक्टर उलट रान दाबून टाकतो. ऊस वाहतुकीचा करार करायचा तर ५० ते ६० हॉर्सपॉवरचा, वजनदार, रुंद टायरांचा लागतो. विलासनगरचा मांजरा, निवळीचा विलास, निवाड्याचा रेणा, नांदेडकडे भाऊराव चव्हाण, अशा कारखान्यांच्या भोवतालच्या गावांत मोठे ट्रॅक्टर दिसतात ते त्यामुळे. हप्ता करारावर फिटतो, आणि करार संपला की तोच ट्रॅक्टर घरच्या रानात अवजड ठरतो. माझे मत असे की ज्याचे उत्पन्न मुख्यतः शेतीचे आहे त्याने हंगामासाठी मोठा ट्रॅक्टर घेऊ नये. एका ट्रॉलीवर, कमी वजनावर, कमी वेगावर काम करावे. दोन ट्रॉल्यांच्या कमाईवर आखलेला हप्ता चालकाला प्रत्येक फेरीला वजन आणि वेग वाढवायला भाग पाडतो, आणि रस्त्यावरचे निम्मे धोके त्या हप्त्यातच दडलेले असतात.

कायदा या विषयात विद्यार्थ्याला वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॅक्टर म्हणजे स्वतः ओझे वाहण्यासाठी न बांधलेले वाहन, आणि ट्रेलर हे मोटार वाहनांतच गणले जाते. म्हणून ट्रॉलीची नोंदणी वेगळी, क्रमांक वेगळा, आणि विमाही वेगळा तपासून घ्यायचा. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकाने मालासाठी ट्रॉली जोडली म्हणून त्याचा परवाना अपुरा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्ये सांगितले आहे. विम्याच्या दाव्यांत हा निकाल वारंवार येतो. पण मालाच्या ट्रॉलीत माणसे नेणे नियमात बसत नाही. वेळा अमावस्येला आपण आंबिलीचे माठ आणि भज्जीची पातेली घेऊन घरदार ट्रॉलीत बसवून रानात नेतो, तेही नियमाबाहेरच. सणाचा आनंद कुणी हिरावू नये. कच्च्या वाटेने, पायी चालण्याच्या वेगाने, कठड्यावर कुणालाही न बसवता जावे, आणि डांबरी रस्ता लागणार असेल तर लेकराबाळांसाठी दुसरी गाडी करावी. ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी तर ही गोष्ट धोरणाची झाली पाहिजे. बिऱ्हाड ट्रॉलीने जावे आणि माणसे एसटीने, तिकिटाचा खर्च कराराच्या रकमेत धरलेला असावा. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या महामंडळाने या एका बाबीत लक्ष घातले तर दर हंगामात कित्येक घरे वाचतील.

अभ्यासाची साधने हाताशी आहेत. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते आणि तिच्या अहवालांत ड्रॉबारवरची ओढ, ब्रेक, वजनाची विभागणी हे सारे दिलेले असते. घेणाऱ्याने जाहिरातीच्या पत्रकाआधी तो अहवाल मागावा. अशा चाचण्यांची परंपरा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये केलेल्या कायद्याने सुरू झाली. निकृष्ट ट्रॅक्टर पदरी पडलेल्या एका शेतकऱ्याने विधिमंडळात जाऊन तो कायदा करवून घेतला होता. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या शेजारी आहे, उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. यंत्राचे आणि बैलाचे जाणकार दोन्हीकडे भेटतात. आणि प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात वजनकाटा आहे. तिथे प्रत्येक ट्रॉलीचे भरलेले आणि रिकामे वजन पावतीवर छापून मिळते, हंगामभर, रात्रंदिवस. इतकी नेटकी मोजमापे जगात थोड्याच ठिकाणी आयती मिळतात.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझी एक विनंती आहे. पुढची प्रकरणे वाचण्याआधी आपल्या गावातली एक ट्रॉली निवडा. तिच्या काट्याच्या पावत्या मिळवा, आखापासून हुकापर्यंतचे अंतर टेपने मोजा, दांडीखाली वजनकाटा ठेवून हुकावरचे वजन घ्या, पिनेची झीज पाहा, खिट्टी, साखळी, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर आहेत का ते लिहा, ब्रेक आहे की नाही ते लिहा. मग मालकाच्या संमतीने मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० वरून ती किती मीटरमध्ये थांबते ते भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही अवस्थांत मोजा. हे आकडे वहीत तारखेसह नोंदवा आणि त्याची एक प्रत ट्रॉलीच्या मालकाला व चालकाला द्या. गाळप हंगाम सुरू होण्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी द्या.